दंडावरचा डाग

ही गोष्ट खरं तर मी सांगायला नको. मयताला आंघोळ घालताना जे दिसतं ते बाहेर बोलायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. पण गोष्ट त्या नियमाचीच आहे.

एकदा एका सूफी वृद्धाच्या दाराशी एक अनोळखी वाटसरू मरून पडला. वृद्धांनी शिष्याला मदतीला घेतलं आणि पडद्याआड त्याला आंघोळ घालायला सुरुवात केली. पाणी फार गरम नाही ना, हे ते आधी स्वतःच्या मनगटावर पाहत. तेवढ्यात शिष्याला मयताच्या दंडावर डाग दिसला. पकडलेल्या चोराला तापल्या लोखंडाने देत, तसला.

कापूर आणायला शिष्य बाहेर गेला. खांदा द्यायला आठजण अंगणात थांबले होते. त्यांच्याजवळ तो डागाचं बोलून गेला.

त्यांतला एक अत्तराचा व्यापारी म्हणाला, "याला खांदा द्यायचा तर आधी खिसे शिवून घ्यायला हवेत." दोघे हसले. मग एकेकाला घरचं काम आठवलं.

कफन बांधून वृद्ध बाहेर आले, तर अंगण रिकामं. ते शिष्याला रागावले नाहीत. परत आत गेले, पगडी उतरवून मयताच्या पायांशी ठेवली आणि म्हणाले, "भाई, माझ्या घरात तुझी अब्रू गेली. माफ कर."

शिष्य गोंधळला. "हजरत, मी खोटं बोललो नाही. चोराची माफी का मागता?"

"बेटा, आदम मातीचा पुतळा होता. अल्लाहने त्यात आपली रूह फुंकली आणि फरिश्त्यांना त्याच्यापुढे झुकायला सांगितलं. तोवर आदमने एक तरी चांगलं काम केलं होतं का? इज्जत त्याला कामाच्या आधी मिळाली. मग ती कामामुळे जाईल कशी? डाग देणाऱ्याचा हात कातडीपर्यंतच पोचला होता. तुझा त्याच्याही आत गेला."

शिष्य आठही घरी जाऊन आला. कुणी आलं नाही.

शेवटी जनाजा दोघांनीच उचलला, पुढे वृद्ध, मागे तो. दर वीस पावलांवर वृद्धांना दम लागे आणि जनाजा खाली ठेवावा लागे. लोक दारांतून नुसते बघत होते. पेठेच्या टोकाला एका म्हातारीने विचारलं, "कोण गेलं, बाबा?"

शिष्याने खांद्यावरचा जनाजा नीट सावरला.

"आमच्यातलाच होता," तो म्हणाला.