शिणाईच्या वीतभर दोऱ्याची कहाणी

ऐका शिणाईमाते, तुमची कहाणी. बायांनो, हाती अक्षता घ्या. जांभई आली तर येऊ द्या, माता तिला रागवत नाही.

आटपाट गाव होतं. तिथं सगुणा नावाची गरीब बाई राही. चार घरचं दळी, कांडी, पाणी भरी. तिची लेक ठकू बाळंतपणाला माहेरी आली. ठकूचं पहिलं बाळ गेल्या पौषात गारठ्यानं गेलं होतं. सगुणेनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाली, "यंदा माझ्या हातची गोधडी तयार असेल. बाळाला वारा लागू देणार नाही."

बोलली खरी. पण दिवसभर राबून आली, चिंध्यांचं गाठोडं सोडलं, ढीग पाहिला. "अगं बाई, एवढं कधी व्हायचं?" पुन्हा बांधलं. दुसऱ्या दिवशी सोडलं, पाहिलं, बांधलं. तिसऱ्या दिवशी सोडलं, पाहिलं, बांधलं. हसू नका गं, असलं गाठोडं तुमच्याही घरी आहे.

मग काय झालं? चौथ्या दुपारी भिंतीशी बसल्या बसल्या तिला डुलकी लागली. घरात धुकं भरलं. धुक्यातून एक म्हातारी आली. पापण्या जड, पाऊल हलकं. म्हणाली, "लेकी, मला दिसत नाही. सुईत दोरा ओवून दे."

"एवढंच?"

"एवढंच."

सगुणेनं ओवला. "आता दोरा संपेतो टाके घाल." दोरा होता वीतभर. तिनं घातले. मग विचारलं, "बाई, तू कोण?"

"मी शिणाई. दमल्या बाईच्या पाठीशी असते, अन् सगळ्या मला हाकलतात. तू मला शेजारी पाट दे. रोज वीतभर दोरा शिव. दोरा संपला की ऊठ. निजताना उद्याचा ओवून ठेव. उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको."

जाग आली, तो मांडीवर चिंधी, चिंधीवर वीतभर टाके! सगुणेनं वसा घेतला. रोज पाट मांडी, वीतभर शिवी, उठे. निम्मी गोधडी झाली.

मग एके दिवशी अंगात बळ आलं. "वीतभरानं काय होतंय?" पाट मांडला नाही. दोरा हातभर घेतला, मग दोन हात घेतला, मग चार हात. दिवस मावळेतो शिवलं. एक कोपरा राहिला अन् बाई आडवी झाली. तीन दिवस उठली नाही. चौथ्या दिवशी ठकूच्या पोटात कळा सुरू झाल्या, सुईण आली, बाहेर गार वारा सुटला.

"मातले गं मी, माते!" सगुणा रडली. हात उचलेना. ठकूनं कळ सोसत सुई घेतली, दोरा ओवला, वीतभर तोडला. "आई, एवढंच. मग नीज."

सगुणा उठून बसली. एक टाका, एक कळ. दुसरा टाका, दुसरी कळ. तिसरा टाका, तिसरी कळ. दोरा संपला, कोपरा मिटला, बाळ रडलं. सुईणीनं त्याला गोधडीत गुंडाळलं. वारा दाराशी धडका देत राहिला, बाळ उबेला निजलं.

सगुणेनं वळून पाहिलं. कुणी मांडला नव्हता, तरी पाट मांडलेला. त्यावर म्हातारी गुडघ्यात मान घालून पेंगत होती. सगुणा हळूच म्हणाली, "नीज गं बाई, आता तूही नीज."

सगुणेला शिणाई पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. घरी गेल्यावर सगळं गाठोडं सोडू नका, सुईत दोरा तेवढा ओवा. ही साठां टाक्यांची कहाणी पांचा टाक्यांत सुफळ संपूर्ण.