एकेचाळीस घावांचा धोंडा

वडगाव पाथरटाच्या वेशीवर, वडाच्या बुंध्याला टेकून जो काळा धोंडा उभा आहे, त्याला हात जोडू नका. येणारे सगळे जोडतात, आणि गावातली पोरं तोंड फिरवून हसतात. तो देव नाही. त्याला शेंदूर नाही, नारळ नाही, नवस नाही. त्याच्या अंगावर नुसते टाकीचे, म्हणजे दगड घडवायच्या छिन्नीचे, घाव आहेत. जवळ जाऊन बघा. खालचे जुने, मऊ झालेले. वरचे अजून पांढरे दिसतात. आणि अगदी मधोमध एक घाव असा खोल की अर्धं बोट आत जावं. तो भिवराबाईचा.

हे गाव पाथरवटांचं. मागच्या डोंगरातून दगड काढायचा आणि त्याची जाती, पाटे, उखळं घडवायची, हाच पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. दगड फोडायचा पुरुषांनी. तो घडवायचा, त्याला टाकी लावायची, हे काम मात्र बायकाही करत, आणि काही घरांत तर बायकाच जास्त करत. पण त्या काळी गावात एक धाक होता म्हणे. बाईनं आपल्या तोंडानं ‘टाकी माझी’ म्हटलं की घरधन्याच्या उजव्या हातातलं बळ उतरतं. म्हणून बायका दिवसभर टाकी चालवायच्या आणि विचारलं की सांगायच्या, ‘ह्यांची आहे, मी आपली जरा हात लावते.’ जरा कसलं! हाताला घट्टे पडलेले असायचे एकेकीच्या.

भिवराचा नवरा रखमाजी हा नावाजलेला कारागीर. पण दगडाची कपची उडून एक डोळा गेला आणि वर्षभरात दुसराही मावळला. तेव्हापासून भिवरा जाती घडवायची. रखमाजी शेजारी बसून जात्याच्या खालच्या तळीवर बोटं फिरवायचा आणि सांगायचा, इथं उंच आहे, इथं अजून घे. गिऱ्हाईक म्हणायचं, आंधळा झाला पण रखमाजीचा हात काही गेला नाही. भिवरा खाली मान घालून ऐकायची. तिला त्याचं वाईट वाटत नसे. डोळे गेलेल्या माणसाजवळ निदान नाव तरी राहू दे, एवढंच तिच्या मनात.

अशात सन एकोणीसशे अकराची खानेसुमारी आली. आजची जनगणना म्हणा. तालुक्याहून एक मास्तर आले, दारादारावर गेरूनं आकडे घातले आणि मग वही उघडून एकेका माणसाचं नाव, वय, धंदा विचारत फिरू लागले. भिवराच्या ओसरीवर आले तेव्हा तिच्या लुगड्यावर दगडाची पांढरी भुकटी होती. मास्तरांनी विचारलं, बाई, तुम्ही काय करता? रखमाजी भिंतीला टेकून बसलेला. त्याचे कान तिकडेच लागलेले. भिवरा म्हणाली, मी घरीच असते, धंदा ह्यांचा. मास्तरांनी लिहून घेतलं. गावातल्या एकेचाळीस बायकांनी तेच सांगितलं आणि एकेचाळीस जणींपुढे तेच लिहिलं गेलं : धंदा काही नाही.

मास्तर गेल्यावर रखमाजीनं भिवराचा हात ओढून घेतला आणि तळव्यावरचा एकेक घट्टा चाचपला. भिवराला रडू आवरेना.

श्रावणात रखमाजी तापानं गेला. पदरात दोन मुली. भिवरानं तेराव्यानंतर पुन्हा टाकी हातात घेतली, कारण तेवढंच तिला येत होतं. आणि दिवाळीच्या तोंडावर मामलेदार आले. डोंगराला सरकारी हद्द पडली होती. वहीत ज्याचा धंदा पाथरवट, त्यालाच खाणीत जागा, असा हुकूम होता. ह्याच वडाखाली टेबल मांडून नावं वाचायला सुरुवात झाली. रखमाजीचं नाव आलं. माणूस मयत, म्हणजे जागा भाऊ धोंडिबाकडे, असं कारकून म्हणाला.

भिवरा पुढं झाली. तिनं हात जोडले नाहीत, पदर तेवढा सावरला. म्हणाली, जागा मला पाहिजे, जाती मी घडवते. मामलेदार काही वाईट माणूस नव्हता. त्यानं वही तिच्याकडे फिरवली आणि शांतपणे म्हणाला, “बाई, तुमच्याच तोंडचं लिहिलंय. ह्या गावात एकाही बाईला हा धंदा नाही. मग तुम्ही एकट्याच कशा?”

भिवरानं मागं वळून पाहिलं. चाळीस जणी उभ्या होत्या आणि प्रत्येकीची नजर आपापल्या नवऱ्याच्या उजव्या हातावर होती. तिला त्यांचा राग आला नाही. तिनं तरी वेगळं काय केलं होतं? पण मुलींना घेऊन माहेरी भावाच्या दारात जायचं आणि जन्मभर दुसऱ्याची भांडी घासायची, हे डोळ्यांसमोर आलं. ती ह्या धोंड्यापाशी गेली, कमरेची टाकी-हातोडी काढली आणि म्हणाली, “टाकी माझी.” असा घाव घातला की ठिणगी मामलेदाराच्या टेबलापर्यंत गेली, असं सांगतात.

कुणी हलेना. तिचा घरधनी उरलाच नव्हता, तिचं काय जाणार होतं! तेवढ्यात धोंडिबा, तिचा धाकटा दीर, ज्याला ती जागा आयती मिळत होती तोच, गर्दीतून पुढं आला. आपल्या बायकोच्या, तुळसाच्या, हातात त्यानं टाकी-हातोडी दिली आणि उजवा हात पसरून धोंड्यावर ठेवला.

“वहिनींच्या शेजारी हाण,” तो म्हणाला. “माझ्या हाताचं मी बघतो.”

तुळसानं कसंबसं ‘टाकी माझी’ म्हटलं आणि घाव घातला. सगळं गाव धोंडिबाच्या हाताकडे बघत राहिलं. त्यानं तो झटकला, शेजारी पडलेली जात्याची तळी एका हातानं उचलून खांद्यावर घेतली आणि हसला. मग मात्र रांगच लागली. दिवेलागणीपर्यंत, एकेचाळीस घाव पुरे होईस्तोवर, वडाखाली टाकीचा आवाज चालला होता.

वही काही बदलली नाही. ती केव्हाच पुढं गेली होती, मामलेदाराजवळ होती ती नक्कल. पण त्यानं वेगळ्या कागदावर भिवराची जागा लिहून दिली. जाती ती म्हातारी होईपर्यंत घडवत होती, आणि ‘भिवराचं जातं’ म्हणून ती आजूबाजूच्या घरांत अजून सापडतात.

आजही ह्या गावात नवी सून आली की आधी धोंड्यापाशी येते, घरात नंतर. आता दगडाचा धंदा कुणाचा राहिलाय! गेल्या वैशाखातली सून एसटीत कंडक्टर आहे. तिला टाकी कशी धरायची तेही सासूनं दाखवलं. पण रीत ती रीत. नवऱ्यानं उजवा हात धोंड्यावर ठेवायचा, आणि सुनेनं आपलं काम काय ते चारचौघांत मोठ्यानं सांगायचं. मग त्या हाताशेजारी घाव घालून म्हणायचं, टाकी माझी. पोरीचे दोन घाव हुकले, नवरा डोळे मिटून उभा राहिला, पण हात त्यानं काढला नाही.