सात हातांचा हंडा

एका गावात तांबटांचा एक कारखाना होता, आणि आपण तिथं पोचतोय तेव्हा त्याच्या दारात भांडण चाललेलं आहे.

"या भांड्यांना मी कल्हई लावणार नाही," म्हातारी म्हणत होती.

"कल्हई लावणं तुझं काम, आजी. भांडं बरं की वाईट ते बघायला मी बसलोय," मिस्त्री म्हणत होता.

"बसलायस कुठं? बसला असतास तर बरं झालं असतं. तू उभ्या उभ्या सगळ्यांची भांडी ठोकत असतोस."

आत सात कारागीर माना खाली घालून काम करत होते. पण हातोडे हळू पडत होते. भांडण ऐकायचं तर हातोडे हळूच मारावे लागतात.

ही म्हातारी कल्हईवाली. तिला हे काम कोणी शिकवलं नव्हतं. बाई म्हणून तिला कोणी भट्टीजवळ उभं केलं नाही, तेव्हा रस्त्यापलीकडून बघून, बोटं पोळून, कथील मातीत सांडून ती आपली आपण शिकली. ज्याला कोणी शिकवत नाही त्याला कोणाची भीड धरायचं कारण नसतं. तशी तिलाही नव्हती.

आणि तिच्या नाही म्हणण्याला वजन होतं. तांब्याच्या भांड्याला आतून कल्हई नसली की त्यातलं आंबट जेवण कळकतं, तोंडात धरवत नाही. आसपासच्या पाच गावांत कल्हई करणारी ती एकटी. गावच्या तळ्याचा बांध पुरा झाला होता, दहाव्या दिवशी त्याचं गावजेवण होतं, आणि त्या जेवणाच्या आमटीसाठी एक मोठा हंडा याच कारखान्यात व्हायचा होता.

"मग हंड्याचं काय?" मिस्त्रीनं विचारलं.

"हंड्यालाही नाही."

"का, ते तरी सांगशील?"

म्हातारीनं ढिगातलं एक पातेलं उचललं. "हे कोणाचं?"

"धाकट्या कारागिराचं."

"आणि ही कळशी?"

"डावखुऱ्याची."

"खोटं बोलतोस."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. भांडं घडून झालं की तांबट त्यावर गुळगुळीत हातोडा फिरवतात, त्याला मठारणं म्हणतात. त्यानं तांब्यावर बारीक चमकते ठसे उठतात. प्रत्येकाचा ठसा निराळा. कोणाचा दाट, कोणाचा विरळ, डावखुऱ्याचा उलट्या अंगाला कललेला. तुम्हाआम्हाला ती नुसती चमक दिसते. म्हातारी मात्र उभा जन्म ही भांडी विस्तवावर फिरवत आलेली, तिला ते ठसे वाचता येत.

"डावखुऱ्याचा हात असा सरळ पडतो होय?" ती म्हणाली. "हे पातेलं तुझं, ही कळशी तुझी, तो तांब्या तुझा. माणसं सात ठेवलीस आणि हात एक. बाकीचे सहा जोड हात घरी ठेवून येतात का?"

"सात," आतून कोणीतरी म्हणालं. "मिस्त्री धरून आठ होतो आम्ही."

"तू काम कर," मिस्त्री आत न बघता म्हणाला.

खरं तर मिस्त्री वाईट माणूस नव्हता. एके काळी तोही याच कारागिरांमधला एक होता, आणि त्यांच्यात सगळ्यात चांगला. त्याचा हात इतका सुरेख पडायचा की म्हाताऱ्या मालकानं त्याला मिस्त्री केलं. चांगला कारागीर चांगला मिस्त्री होईलच, असं मालकांना का वाटतं कोण जाणे. पोहणारा चांगला म्हणून त्याला कोणी नाव वल्हवायला बसवत नाही.

मिस्त्री झाला त्या सकाळी एकच शब्द बदलला. काल जे त्याला "अरे, तो चिमटा दे" म्हणत होते, ते म्हणाले, "अहो, तो चिमटा देता का?" त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनीही ठरवलं नव्हतं. "अरे"चं "अहो" झालं एवढंच.

दुपारी सगळे दारापुढच्या चिंचेखाली भाकरी सोडत. पहिल्या दिवशी तोही गेला. त्याला बघून चाललेली थट्टा थांबली. एकानं सरकून फारच मोठी जागा करून दिली, एवढी जागा आपल्या माणसाला कोणी करत नाही. त्यानं दोन घास खाल्ले, काम आठवल्यासारखं केलं आणि उठला. पुन्हा तो चिंचेखाली गेला नाही.

रिकाम्या कारखान्यात नुसतं बसून करायचं काय? म्हणून तो एकेकाचं अर्धवट भांडं घेऊन बघायचा. कुठं खोल गेलेलं, कुठं वाकडं. हातोडा हाताशीच असायचा. टक, टक, टक. त्याला वाटायचं, आपण त्यांचं काम हलकं करतोय. आणि तेवढा वेळ त्याचं मन रमायचं, ते निराळंच.

चिंचेखाली मात्र घास हातात तसाच राहायचा. तांबटाच्या कानाला आवाजावरून भांडं कळतं. आज कोणाचं ठोकतोय, ते प्रत्येकाला बसल्या जागी समजायचं. ज्याचं असेल तो भाकरीकडे बघत बसायचा. बाकीचे त्याच्याकडे बघायचे नाहीत.

असं वर्ष गेलं. कारागीर नऊ होते, दोघे दुसऱ्या गावी निघून गेले, सात उरले. आणि भांडी पोटाशी तडकून परत यायला लागली.

"तडा जातो तो यांच्या कामचुकारपणामुळं," मिस्त्री म्हणाला.

"तडा जातो तो तुझ्या कामसूपणामुळं," म्हातारी म्हणाली. "तू तांबट ना रे? तांबं ठोकून ठोकून काय होतं?"

मिस्त्रीनं तिच्या हातातलं पातेलं घेऊन ढिगात ठेवलं.

"मला कल्हईवालीला सांगायला लावू नकोस. काय होतं?"

"ताठ होतं," तो म्हणाला.

"आणि ताठ झालेलं आणखी ठोकलं की?"

"तडकतं."

"मग माणूस काय तांब्यापेक्षा जास्त सोसतो?"

त्याच वेळी डावखुरा कारागीर उठून दारात आला. त्यानं आपला हातोडा फडक्यात गुंडाळलेला होता. "मिस्त्री, तुमच्यासमोरच सांगतो. हंडा झाला की मी निघालो. मला इथं येऊन तीन वर्षं झाली. माझा हात कसा पडतो ते माझं मलाच आठवेनासं झालंय."

तो परत जागेवर जाऊन बसला. डावखुरा गेला की मागोमाग बाकीचे जाणार, हे न कळण्याइतका मिस्त्री खुळा नव्हता. मग त्या सबंध कारखान्यात तो आणि त्याचा हातोडा, दोघेच उरणार होते.

"मी काय करू म्हणतेस?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"ते मी सांगणार नाही. सांगितलं तर तू तेही ठोकून सरळ करशील. माझी अट एकच. हा हंडा होईस्तोवर तुझ्या हातात हातोडा नको. मोठं भांडं कोणीतरी धरावं, फिरवावं लागतं ना? तू धर."

"धरणं हे नवख्याचं काम आहे."

"मग मिस्त्रीपणात तू नवखाच आहेस."

आत कोणीतरी खोकला काढून हसू लपवलं.

मिस्त्रीनं अट मानली, पण रागानं. भांडण काही मिटलं नव्हतं. त्याचं म्हणणं, असा हंडा वाकडा होणार आणि गावात त्याचं हसं होणार. तिचं म्हणणं, होऊ दे.

दुसऱ्या दिवसापासून म्हातारी रोज यायची, उंबऱ्यावर बसायची आणि जाताना एकच प्रश्न विचारायची. "आज काय धरलंस?"

पहिल्या दिवशी तो म्हणाला, "हंडा. आणखी काय धरणार?"

दुसऱ्या दिवशीही हंडाच.

तिसऱ्या दिवशी धाकट्या कारागिराचा घाव भलतीकडे पडला. मिस्त्रीचे हात हंड्यात गुंतलेले, बोलायला तोंड मोकळं होतं. ते त्यानं उघडलं आणि तसंच मिटलं. संध्याकाळी म्हणाला, "आज जीभ धरली. हंड्यापेक्षा जड निघाली."

त्या दिवशी जाताना म्हातारीनं खुशीत काठी जरा जोरात टेकली.

पाचव्या दिवशी खरी परीक्षा झाली. दुपारी सगळे चिंचेखाली गेले. मिस्त्री एकटा राहिला, समोर हंडा. हंड्याच्या पोटाला एक जागा खोल गेली होती. चार घाव, फार तर पाच. त्याचा स्वतःचा हातोडा खुंटीला होता. म्हातारीही त्या वेळी उंबऱ्यावर नव्हती.

त्यानं हातोडा काढला. हंड्याशी गेला. हात उचलला आणि बाहेरची शांतता त्याच्या कानात शिरली. वर्षभर तो ठोकत होता, म्हणून ती त्यानं कधी ऐकली नव्हती. सात माणसं बाहेर जेवत होती आणि एकाच्याही बोलण्याचा आवाज येत नव्हता. ते त्याच्या पहिल्या घावाची वाट बघत होते.

त्यानं हातोडा खुंटीला लावला, आपली भाकरी घेतली आणि चिंचेखाली गेला.

पुन्हा तसंच झालं. एकजण सरकला, मोठी जागा झाली. कोणी बोलेना. मिस्त्रीनं भाकरी सोडली. तो मनात म्हणाला, इथं येण्यापेक्षा आत बरं होतं, आत निदान आवाज तरी होता. पण उठला नाही. चिंचेची पानं भाकरीवर पडत होती, ती तो एकेक वेचून काढत होता.

"आज कारखाना गप्प आहे," शेवटी डावखुरा म्हणाला.

"हंड्याच्या पोटाशी एक जागा खोल गेलीय," मिस्त्री भाकरीकडे बघत म्हणाला. "कोणाला दिसली का?"

"मला दिसली," धाकटा कारागीर म्हणाला. "माझाच घाव तो."

"मग नीट का नाही केलीस?"

"म्हटलं, तुम्ही कराल."

ते वाक्य त्यानं साधेपणानं म्हटलं होतं. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मिस्त्रीला सोसला असता. वर्षभर आपण यांचे दोष काढून टाकतोय असं त्याला वाटत होतं, आणि हे सात जण आपापले दोष ओळखून, जपून, त्याच्यासाठी राखून ठेवत होते.

"मी नाही करणार," तो म्हणाला. "मी धरतो. तू कर."

जेवण झाल्यावर ते आत गेले. मिस्त्रीनं आधी हंडा भट्टीत घालून लाल करवला, पाण्यात निववला, कारण ताठ झालेलं तांबं आधी मऊ करावं लागतं. मग तो धरून बसला. धाकट्यानं घाव घातला. चुकला. दुसरा घातला. तो बरा पडला. डावखुरा दुसऱ्या अंगानं हातोडा घेऊन आला, आणि मग तिसरा. हातोड्यांनी ताल धरला. मिस्त्रीचं लक्ष क्षणभर त्या तालात गेलं आणि हंडा त्याच्या हातात जरा कलला.

"अरे, नीट धर की," डावखुरा ओरडला.

हातोडे थांबले. डावखुऱ्यानं जीभ चावली. सगळे मिस्त्रीच्या तोंडाकडे बघायला लागले.

मिस्त्रीनं मान खाली घातली आणि हंडा नीट धरला. "धरला," तो म्हणाला. "मार." त्याचा आवाज जरा जाड आला. भट्टीचा धूर म्हणायला हरकत नव्हती.

नवव्या दिवशी हंडा पुरा झाला. डावखुऱ्यानं फडकं सोडून हातोडा कधी खुंटीला लावला, ते कोणी विचारलं नाही. म्हातारी आली, भट्टी पेटवली, नवसागराचा धूर केला, आतून कथील फिरवलं. हंडा आत चांदण्यासारखा झाला. मग तिनं तो उपडा घालून बाहेरून हात फिरवला, पोथी वाचावी तसा. "हा धाकटा. हा डावखुरा, बघ कसा कललाय. हा तिसरा..." असं करत सात हात मोजले. हंडा तसा थोडा वाकडा होता. गावात कोणाला ते दिसणार नव्हतं, मिस्त्रीला मात्र जन्मभर दिसणार होतं.

कारागीर तो हंडा उचलून गावाकडे निघाले. चौघे खांदा देत होते, तिघे वाट दाखवायच्या नावाखाली गप्पा मारत होते. कोणालाही मागे वळून बघायचं सुचलं नाही. दारात मिस्त्री आणि म्हातारी, दोघंच राहिली.

"झालं तुझ्या मनासारखं?" मिस्त्री म्हणाला. त्याचं भांडण अजून संपलेलं नव्हतं, ते आता फक्त निराळ्या जागी दुखत होतं. "सात जणांचे ठसे आहेत त्याच्यावर. माझा एक नाही. उद्या सगळं गाव त्यातून जेवेल, सातांची नावं घेईल. चांगला हात होता माझा, आजी. तो मी खुंटीला टांगला. मग त्या हंड्यात माझं काय राहिलं?"

म्हातारी आपली काळी पडलेली बोटं लुगड्याला पुसत होती. पाच गावांतल्या घराघरांत तिनं कल्हई केलेली भांडी होती, आणि ती तिची आहेत हे एकाही भांड्यावरून कळत नव्हतं. तिनं लांब जाणाऱ्या त्या सात जणांकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे.

तात्पर्य वेगळं शोधायला नको. ती जे म्हणाली आणि भांडण मिटलं, तेच तात्पर्य:

"कल्हईवर कोणाच्या हाताचा ठसा राहत नाही रे बाबा, पण ती नसली की गावाचं जेवण कळकतं."