उतरवलेली शाल

“आणि ज्याच्या अंगावरून ती वस्त्रं उतरवली, त्याला काय म्हणत?”

दाजीशास्त्र्यांनी मध्येच विचारलं आणि हेरंब अडखळला.

चांगला अर्धा तास बोलत होता गडी! जुन्या जर्मन टोळ्यांचा ‘राउबा’ हा शब्द, अर्थ लूट. रणात पडलेल्याचे कपडे उतरवून घ्यायचे, हीसुद्धा लूटच. म्हणून पुढे इंग्रजीत लुटीचा ‘रॉब’ आणि अंगरख्याचा ‘रोब’ हे शब्द एकाच मुळातून निघाले. या शब्दाच्या जन्मकथेवर हेरंबने ग्रंथ लिहिला होता. कालच सत्कार झाला. सत्काराची शाल पांघरूनच तो आज सकाळी गुरूंच्या ओसरीवर येऊन बसला होता. शाबासकी हवी होती, दुसरं काय!

“त्याला कसला शब्द, गुरुजी? तो तर मेलेला.”

“हं…”

शास्त्रीबुवा शेगडीतली राख उकरत राहिले.

“भार्गवलाही हेच विचारलं होतं मी. तीन दिवस नीट जेवला नाही पोरगा.”

हेरंबने शाल अंगाभोवती ओढून घेतली. भार्गव त्याचा गुरुबंधू. गेल्या वर्षी तापाचं निमित्त होऊन गेला. त्याच्या बायकोने, सुमतीवहिनींनी, याच शब्दावरची त्याची अकरा वर्षांची टिपणं विश्वासाने हेरंबच्या हवाली केली होती. ग्रंथावर नाव मात्र एकट्या हेरंबचं.

“त्याचं नाव घालणार होतो, गुरुजी. खरंच. मग छपाईची घाई झाली… मग म्हटलं, पुढच्या आवृत्तीत…”

पुढे त्याचं त्यालाच ऐकवेना.

शास्त्रीबुवांनी शेगडीत दोन कोळसे सारले. रागावून चार शब्द बोलले असते तरी बरं वाटलं असतं!

हेरंबने शाल काढली, घडी घातली आणि त्यांच्या पायाशी ठेवली.

“ही त्याची आहे, गुरुजी. मला नको. लाज वाटते हो मला…”

त्याचे डोळे भरून आले. भार्गव त्याला ‘हेऱ्या’ म्हणायचा. आता तशी हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

म्हातारा कष्टाने उठला. शाल उचलली, झटकली आणि हेरंबच्या खांद्यांवर नीट पांघरली, झोपलेल्या लेकराला पांघरतात तशी.

“असू दे. बाहेर गारठा आहे. ज्याची होती, त्याला आता थंडी वाजत नाही.”