विहिरींच्या दोऱ्या

एकदा एका कोरड्या पठारावरील गावांनी मिळून एक सामायिक भांडार उभारले. दर चैत्रात प्रत्येक गाव आपल्या विहिरीत दोरी सोडून माप घेई, हातागणिक एक गाठ मारी आणि ती दोरी भांडारात आणून देई. तेथील व्यवस्था एका वृद्ध आचार्यांकडे होती. त्यांच्या शिष्याने सर्व दोऱ्या लांबीच्या क्रमाने टांगून प्रत्येकीला गावाच्या नावाची लाकडी चकती बांधली होती. या देखण्या मांडणीचा त्याला अभिमान होता.

एका अवर्षणाच्या वर्षी धनगरांचा म्होरक्या तेथे आला. त्याच्या मेंढरांत जेमतेम एकाच विहिरीपर्यंत चालण्याचे त्राण उरले होते. कोणत्या गावी जावे, असे त्याने विचारताच शिष्याने सर्वांत लांब दोरी काढून दिली. लांब दोरी म्हणजे विपुल पाणी, हे त्याला स्वयंसिद्ध वाटत होते.

आचार्यांनी ती दोरी पुन्हा खुंटीला अडकवली आणि थोडे थांबण्यास सांगून पाहुण्यासमोर ताकाचा गडू ठेवला.

"माझी मेंढरं काय ताकावर जगणार व्हय, महाराज?" म्होरक्या कुरकुरला.

आचार्य शिष्याकडे वळले. शिष्य भांडारात नवा असताना त्याने तेथल्याच विहिरीचे माप घेऊन स्वतः गाठी मारलेली एक दोरी त्यांनी त्याच्यापुढे ठेवली व विचारले, "हे माप पाण्याच्या खोलीचे, की काठापासून पाण्यापर्यंतच्या अंतराचे?"

शिष्याने गाठी पुनःपुन्हा चाचपल्या. अखेर तो म्हणाला, "स्मरत नाही, गुरुजी."

"खोलीचे असेल, तर लांब दोरी म्हणजे भरलेली विहीर. अंतराचे असेल, तर आटलेली. अरे, तुझीच गाठ तुला वाचता येत नाही, मग परक्याने ती कशी वाचावी? मोजणारा जे मनात गृहीत धरतो, ते दोरीबरोबर येत नाही. ते त्याला विचारून दोरीलाच बांधावे लागते."

त्या दिवशी पठाराच्या पायथ्याशी बाजार भरला होता. शिष्य धावत तेथे गेला आणि गावोगावच्या मोजणाऱ्यांना गाठून परतला. सर्वांत लांब दोरी काठापासूनच्या अंतराची होती. त्या विहिरीच्या तळाशी केवळ चिखल होता. पाणी होते ते रांगेतल्या मधल्या एका दोरीच्या गावी; तिचे माप पाण्याच्या खोलीचे होते. मेंढरे तेथे सायंकाळी पोटभर प्याली.

पुढील चैत्रापासून प्रत्येक दोरीला दुसरी चकती आली. माप कोठून कोठवर, कोणी व कधी घेतले, याच्या खुणा तिच्यावर कोरलेल्या असत, आणि त्या खुणा सर्व गावांनी एकत्र बसून ठरविल्या होत्या.

काही वर्षांनी म्होरक्या पुन्हा आला. आचार्य व शिष्य ओसरीवर बसले होते. त्याने स्वतःच चकत्या निरखल्या, एक दोरी निवडली आणि गडूकडे जाणारा शिष्याचा हात पाहून तो हसला.

"आज ताक राहू द्या, महाराज. वाट कळली."