आत्या, कडी लाव बरं

“हाड जुळत नाही, यात माझा काय दोष, बुवा?”

माल चोख असला की दुकानदार गिऱ्हाइकालाच खोटं पाडतो, तसं त्र्यंबक वैद्याचं झालं होतं. त्यानं बांधलेलं हाड वाकडं जुळलं, असं पंचक्रोशीत कुणी म्हणत नव्हतं. आता एकट्या येसाआत्यानं नावाला बट्टा लावला. दोन महिने झाले, मोडलेला पाय तसाच. म्हातारी कोष्टीण, घरात दुसरं कुणी नाही. पाय गेला तर हातमाग कायमचा सुटणार.

“पाणक्या पाणी भरतो. धर्मशाळेची भागाबाई अंग पुसून जाते. अन्नछत्रातून डबा येतो. सगळं बसल्या जागी. तरी ही बाई हिंडतच असणार. मी सोडतो हिला.”

“सोड,” मठातले भानुबुवा म्हणाले. “पण उद्याचा दिवस तिच्यापाशी बस. पायाला तिच्यासारख्याच बांबूच्या कांबट्या बांध. तिला उठावं लागेल तिथं तू ऊठ.”

सकाळी पाणक्यानं कडी वाजवली. आत्या हात टेकून उठू लागली.

“थांबा, मी बघतो.”

त्र्यंबक भिंत धरत, पाय ओढत दारापर्यंत गेला. पाणी ओतून पाणक्या निघाला आणि मायेनं म्हणाला, “आत्या, कडी लाव बरं. कुत्री शिरतात.”

त्र्यंबक कडी लावून टेकतो न टेकतो, तोच भागाबाई आली. जाताना तीही म्हणाली, “कडी लाव गं.”

मग डबा आला. परत तेच.

त्र्यंबक घामाघूम झाला. “रोज असंच?”

“तुम्ही धरून चौघं. उघडायला नि लावायला मिळून आठ खेपा,” आत्या ओशाळून हसली. “नको कसं म्हणू, बाबा? सगळी जीव लावणारी माणसं. जाताना तुम्हीसुद्धा हेच सांगता की.”

त्र्यंबक भिंत धरून उठला.

पायाच्या कांबट्या न सोडताच तो मठात आला. “बुवा, सापडलं. उद्यापासून सगळ्यांना माझ्या वेळेला बोलावतो. दार एकदाच उघडायचं.”

“तुझी वेळ कुठली?”

“सकाळी, पूजा आटोपली की.”

“तेव्हा छत्रात चूल पेटते?”

“…नाही.” त्र्यंबकनं मान खाली घातली. मग म्हणाला, “बरं. मीच छत्राच्या वेळेला जाईन.”

बुवांनी त्याचा पाय मांडीवर घेतला आणि एकेक गाठ सोडू लागले.

“आणि येसाची वेळ कुठली?”