नऊ जणांची पगडी

हिरडपूर राज्याच्या उदयभान राजाला भारी हौस होती. दर दसऱ्याला भर दरबारात तो राज्यातल्या रोजगारांचा आकडा ऐकायचा. आकडा वाढला की स्वारी खूश.

प्रधान त्र्यंबकपंत मोठे कल्पक. राजवाड्याचा पगडबंद येसोबा एकटाच अख्खी पगडी बांधायचा आणि त्यावर त्याचे घर सुखात चालायचे. पंतांनी त्या एका कामाची नऊ कामे केली. एकाने कापड भिजवायचे, दुसऱ्याने पीळ द्यायचा, तिसऱ्याने तो पीळ नुसता धरून उभे राहायचे. पगार तोच, फक्त नऊ जणांत वाटलेला. येसोबाच्या वाट्याला शेवटचे टोक खोचणे आले.

"सरकार, एकाचे नऊ रोजगार झाले!" पंत म्हणाले. राजाने त्यांना शाल दिली. मग सुतार, लोहार, आचारी, सगळ्यांचे तेच झाले. आकडा सांगता सांगता दवंडीवाला दमला, तेव्हा दवंडीवालेही चार केले.

पुढे राजकन्येचे लग्न शेजारच्या राज्यात ठरले. हिरडपुरात वधूपित्याच्या डोक्यावर नवी पगडी नसेल तर कन्यादान होत नाही. लग्नाच्या सकाळी आठ जणांनी आपापले काम केले आणि हात बांधून उभे राहिले. येसोबाचा मात्र पत्ता नव्हता.

"अरे, टोक तुम्हीच खोचा की!" राजा ओरडला.

"आम्हाला कुठं येतंय, सरकार? आमचं काम पीळ धरायचं."

राजाने पगडी तशीच चढवली. ऐन मंगलाष्टकांत ती सुटली आणि डोळ्यांवरून गळ्यात आली. वरपिता संतापून म्हणाले, "बोडक्या डोक्यानं कन्यादान? चला, वऱ्हाड मागे फिरवा!" राजकन्येला रडू कोसळले.

तेवढ्यात वऱ्हाडाचे सामान वाहणाऱ्या एका हमालाने डोक्यावरची ट्रंक खाली ठेवली आणि राजाच्या डोक्यावर चार-सहा वेढ्यांत सुबक पगडी बांधली. तो येसोबा होता.

"तू हमाली करतोस?" राजाने विचारले.

"नवव्या हिश्श्यात पोट भरेना, सरकार. म्हणून शेजारच्या राज्यात ओझी वाहतो."

"म्हणजे आपला आकडा एकाने घटला?"

"छे, छे! येसोबाची जागा मी भरलेलीच धरतो," पंत अभिमानाने म्हणाले.

लग्न पार पडले. दुसऱ्या दिवशी राजाने येसोबाला त्याचे सगळे काम आणि सगळा पगार परत दिला. मग प्रधानकीचे नऊ भाग केले. पंतांच्या वाट्याला मान डोलावणे आले, नवव्या हिश्श्याच्या पगारावर.

तात्पर्य: किती हातांना काम मिळाले हे मोजणाऱ्याने, त्या कामावर घर चालते का, हेही विचारावे.